बापाचा रकाना

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो आणि इंग्रज सरकारच्या लेखी बिनलग्नाचा होतो. पैकी वय मला माहीत होतं. लग्नाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या समजुतीप्रमाणे माझं लग्न दोन वर्षांपूर्वीच झालं होतं, लेस्टरमध्ये, भर दुपारी, साठ माणसांसमोर, आणि जेवणात दोन भाज्या होत्या.

ते लग्न एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये लागलं. शनिवारी तो हॉल भाड्यानं मिळायचा. तिथल्या खुर्च्या पाच वर्षांच्या पोरांच्या मापाच्या, त्यामुळं सगळी वऱ्हाडी मंडळी गुडघे हनुवटीला लावून बसली होती. अंतरपाट म्हणून माझ्या मेहुणीची पलंगावरची गुलाबी चादर धरली. मंगलाष्टकं आमच्या फॅक्टरीतल्याच एका गृहस्थानं म्हटली. त्याला दोनच पाठ होती, म्हणून त्यानं तीच तीन वेळा म्हटली, दर वेळी वेगळ्या चालीवर. शाळेचा केअरटेकर झाडू घेऊन दारात उभा. शेवटची अक्षता खाली पडते न पडते तोच तो तांदूळ लोटायला आत शिरला आणि हार गळ्यात असताना मी त्याला सुपली धरून मदत केली. आता एवढं झाल्यावर माणूस लग्न झालं असं समजणार नाही तर काय?

माझा साडू बस चालवायचा. त्याला कायदा थोडाफार कळायचा. जेवताना तो म्हणाला होता, सोमवारी कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन नोंदवून या. बायकोनंही एकदा सांगितलं होतं. ती कुठलीही गोष्ट एकदाच सांगते. मी म्हणालो, मी काय चोरी केलीय का सरकारला कळवायला? साठ माणसांनी बघितलंय. बस, संपलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, बोटीवर भांडी घासत विलायतेत आलेला, पण माझ्या घरातलं कुठल्या साहेबाला विचारून करायचं नाही हा माझा बाणा होता. अजूनही आहे, थोडा.

तर मुलगी झाली. मी मोज्यांच्या फॅक्टरीत रंगखात्यात होतो. बायको त्याच फॅक्टरीत वरच्या मजल्यावर मोज्यांच्या चवड्याची शिवण मारायची. तेव्हा लेगवॉर्मरची साथ आली होती. इंग्रजांच्या सगळ्या तरण्या पोरींना पोटऱ्यांवर जांभळं काहीतरी घालायचं होतं आणि ते सगळं जांभळं माझ्या हातून निघत होतं. बाळ झाल्याचा निरोप फोरमननं मला हौदापाशी येऊन सांगितला. मी त्याला मिठी मारली. त्याच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर माझे दोन पंजे उठले आणि तो कोट त्यानं तसाच महिनाभर वापरला, लोक विचारायचे त्यांना सांगत.

बाराव्या दिवशी बारसं केलं. पाळणा नव्हता, म्हणून कपडे धुण्याच्या मोठ्या वेताच्या टोपलीला साड्या बांधून जिन्याच्या कठड्याला लटकवली. मेहुणीनं पोरीच्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं आणि बायकांनी मेहुणीच्या पाठीत असे धपाटे घातले की शेजारची म्हातारी भिंतीवर ठोकायला लागली. मी खालच्या पायरीवर उभा राहून नुसता हसत होतो. का हसत होतो ते विचारू नका. त्या दिवसांत मी कशालाही हसायचो. बसमध्ये एकटा हसायचो. एक्केचाळीस वर्षं कुणी मला बाप म्हणालं नव्हतं, आणि आता एक नऊ पौंडाचा जीव घरात होता जो माझ्याकडं बघून जांभई द्यायचा.

माझी पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. म्हणजे सकाळ माझी. तेल मी लावायचो, आंघोळ बायको घालायची, मग शेक द्यायला परत मी. आमच्या गावात हे काम म्हाताऱ्या बायका करतात, पण इथं म्हातारी कुठून आणायची? कोमट खोबरेल तेल, पालथं घालून पाठीवरून खाली, मग मांड्या, मग तळवे. पोरगी अशी ताणून द्यायची की काय सांगू.

तिसऱ्या आठवड्यात हेल्थ व्हिजिटर आली. घरोघर जाऊन तान्ही बाळं बघणारी, सरकारी नर्सच ती. उंच, आयरिश, मोठ्या पायांची. तिनं पोरीला उघडं केलं, पालथं घातलं आणि जवळ वाकून बघितलं. पाठीवर पाच जांभळी बोटं उमटलेली. मांडीवर तीन. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, बायकोकडं बघितलं आणि फार हळू आवाजात विचारलं, हे कशानं झालं? बायकोला आधी कळेना. कळलं तेव्हा ती इतकी हसली की टाके दुखायला लागले म्हणून पलंगावर बसली. तिनं माझे दोन्ही हात धरून त्या बाईपुढं केले. मनगटापर्यंत जांभळे. साबणानं कितीही धुवा, तेल लागलं की रंग सुटायचाच. बाईनं कापसाचा बोळा तेलात बुडवून पोरीची पाठ पुसली. बोटं निघाली. मग तीही हसायला लागली आणि म्हणाली की एवढ्या वर्षांच्या नोकरीत असली बोटं कधी बघितली नव्हती. मला म्हणाली, हातमोजे घाला किंवा फिक्या रंगाचं काम मागून घ्या.

मग तिनं फॉर्म काढला. नाव काय, दूध कुठलं, घरात शेगडी कसली. लग्न कुठं झालं हा प्रश्न आला तेव्हा मी ऐटीत शाळेचं नाव सांगितलं. तिनं पेन थांबवलं. रजिस्ट्रार हजर होता का? मी म्हणालो, केअरटेकर होता.

तिनं समजावून सांगितलं, बिचारीनं चांगलं समजावलं. म्हणाली, तुमच्याकडच्या पुष्कळ घरांत असं होतं, लाजण्यासारखं काही नाही. पण इथल्या कायद्यानं ते लग्न नव्हे. पोरीचा जन्म बेचाळीस दिवसांच्या आत नोंदवायला पाहिजे. दोघं मिळून जा, दोघं सह्या करा, म्हणजे बापाच्या रकान्यात तुमचं नाव लागेल. आई एकटी गेली तर त्या रकान्यात आडवी रेघ मारतात.

मी विचारलं, सही नवरा म्हणून करायची ना? ती म्हणाली, नाही, नवरा म्हणून नाही. लग्न झालेलं नाही असं सांगायचं, आणि बाप म्हणून करायची.

मी उठून उभा राहिलो. मी सांगितलं, मी नवरा आहे. नवरा म्हणून लिहिणार असतील तर येतो, नाहीतर ते रजिस्टर त्यांनी त्यांच्यापाशी ठेवावं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं बेचाळिसावा दिवस मोजला, त्याच्याभोवती गोल केला आणि गेली.

दार लागल्यावर बायकोनं पोरीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी कुमारी आहे."

"काहीतरी बोलू नकोस."

"मांडीवर पोर आहे आणि मी कुमारी आहे. आमच्या आईला कळवायला पाहिजे, तिला फार काळजी होती."

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला अहो म्हणायचं सोडलं. अहो नवऱ्याला म्हणतात, म्हणाली. मला पाहुणे म्हणायला लागली. पाहुणे, चहा घेणार का? पाहुणे, परक्या बाईच्या स्वयंपाकघरात असं उघड्यानं फिरू नका. मी आंघोळ करून आलो की डोक्यावर पदर ओढून भिंतीकडं तोंड करायची. मेहुणी आली की दोघी मिळून मला ओट्याजवळ उभं करून स्थळ बघावं तसे प्रश्न विचारायच्या, मुलाचं शिक्षण काय, पगार किती, हात असे कशानं रंगलेत, काही आजार तर नाही ना. मला राग यायचा आणि त्याच वेळी हसूही यायचं, आणि राग आलेल्या माणसाला हसू आलं की त्याचं काही चालत नाही.

शेवटी मी म्हणालो, चल, मग करून टाकू लग्न त्यांच्या ऑफिसात. माझ्या मते मी फार मोठं मन दाखवलं होतं. तिनं लंगोटाची घडी घातली, खाली ठेवली आणि पहिल्यांदाच हसणं थांबवलं.

"लग्न मी माझ्या सवडीनं करीन. दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेव्हा तुम्हाला सवड नव्हती. पण पोरीचा कागद कुणाच्या सवडीवर राहणार नाही. सही करायला चला."

मी नाही म्हणालो. तिला सवड पुढं चार वर्षांनी मिळाली, एका बुधवारी, आणि तेव्हा पोरगी नर्सरीत जात होती. पण ते वेगळं.

मधे पाडवा आला. आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. साडूच्या तोंडात काही राहत नाही, त्यामुळं आमची गोष्ट सगळ्या हॉलभर झाली होती. मंडळातल्या एक वयस्कर वहिनी श्रीखंड वाढता वाढता कुणाला तरी सांगत होत्या की अशा बिनलग्नाच्या घरातली पोरं बाळसं धरत नाहीत, बापाला बांधलेलं नसतं ना, कधी उठून जाईल सांगता येत नाही, पोराला ते पोटात असल्यापासून कळतं. त्यांना माहीत नव्हतं मी मागं उभा होतो. माहीत असतं तरी थांबल्या नसत्या.

घरी आलो तो ठरवूनच आलो की या पोरीनं असं बाळसं धरलं पाहिजे की वहिनींनी बोटं तोंडात घालावीत.

दर मंगळवारी सकाळी दहाला बेबी क्लिनिक असायचं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बाया आपापली बाळं उघडी करून काट्यावर ठेवायच्या. सगळ्या बायाच. पुरुष मी एकटा. पहिल्या दिवशी दारातल्या बाईला वाटलं मी गॅसच्या मीटरला आलोय. बायकोला पायी फार चालवत नव्हतं, म्हणून प्रॅम मीच ढकलायचो. हळूहळू मला सगळ्या ओळखायला लागल्या. कुणाचं बाळ दूध टाकतं, कुणाला रॅश, मी सगळ्यांना खोबरेल तेल सांगायचो. एका गुजराती बाईनं ऐकलं, एका स्कॉटिश पोरीनं ऐकलं, आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्या हॉलला नारळाचा वास मारत होता. नर्सनं एकदा खिडकी उघडून विचारलं की हे सुरू कुणी केलं, तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बोट केलं.

पोरगी आठवड्याला आठ औंस वाढत होती. कार्डावर एक रेघ असायची, सरकारच्या मते बाळ जेवढं असावं तेवढी. आमची रेघ त्या रेघेच्या डोक्यावरून जात होती. मला आकडे वाचता येतात. मी ते कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवून फिरायचो. एका रविवारी वहिनी देवळाच्या पायरीवर भेटल्या. मी कार्ड काढून त्यांच्या चष्म्यापुढं धरलं आणि रेघ कशी चढतेय ते बोटानं दाखवलं.

वहिनी म्हणाल्या, "वजन काय, म्हशीचंही वाढतं."

बायको हे ऐकून दोन दिवस हसत होती. मला म्हणाली, पाहुणे, तुम्ही जगाला कार्ड दाखवत फिरता, आणि ऑफिसात जायला पाय उचलत नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या आदल्या दिवशी तिनं कोट इस्त्री केला. "उद्या दहाला जाते. येणार?"

"नवरा म्हणून बोलवत असतील तर येतो."

"बरं," म्हणाली. मला तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर मी कदाचित गेलोही असतो.

सकाळी ती पोरीला गुंडाळून गेली. मी घरात एकटा. तिला दाखवायला म्हणून पिठलं केलं, ते करपलं. परत केलं. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. आता रेघ मारली असेल. आता मारली असेल. बारा वाजता ती आली, पोर माझ्या हातात दिली आणि टेबलावर कागद ठेवला.

मला इंग्रजी वाचता येत नाही, पण फॅक्टरीत हजेरीचं कार्ड रोज मशीनमध्ये घालत असल्यामुळं माझं नाव मी इंग्रजीत कुठंही ओळखतो. ते नाव त्या कागदावर होतं. वर, पहिल्याच ओळीत, पोरीच्या नावाच्या मधोमध. आपल्याकडं लिहितात तसं, आधी तिचं, मग बापाचं, मग आडनाव.

बायकोनं सांगितलं काय झालं ते. रजिस्ट्रारनं दोनदा विचारलं होतं, हे दुसरं नाव पुरुषाचं आहे का? ती म्हणाली, हो, आमच्याकडं मुलीच्या नावात बापाचं नाव असतं. तो म्हणाला, बाई, पण तुम्ही बापाचा रकाना मोकळा ठेवताय. ती म्हणाली, रकाना तुमचा आहे, नाव आमचं आहे. मुलीचं नाव काय ठेवायचं ते आईनं ठरवायचं ना? त्याला कायद्यात काही सापडलं नाही. त्यानं लिहिलं.

मी वेडा झालो. पोरीला घेऊन घरभर नाचलो. इंग्रजांच्या देशात एक गोरटेली, टकली, दीड महिन्याची मुलगी होती आणि तिचं मधलं नाव सातारच्या बाजूच्या एका रंगाऱ्याचं होतं. पोस्ट ऑफिसातल्या मशीनवर मी त्या कागदाच्या चार कॉप्या काढल्या. एक रंगखात्यात हौदाच्या वर चिकटवली. फोरमनला दाखवली. फोरमन म्हणाला की त्याचं नाव त्याच्या कुत्र्यालासुद्धा कुणी दिलं नाही. मला वाटलं मी जिंकलो. सहीही केली नाही, खोटंही बोललो नाही आणि नावही लागलं.

चार दिवस हे बघून बायको म्हणाली, "ते नाव तिचं आहे. तुमचं अजून कुठंच नाही."

मी न ऐकल्यासारखं केलं.

पोरगी तीन महिन्यांची झाली आणि बायको परत कामाला लागली, सकाळी साडेसात ते पावणेदोन. तेव्हा आमचं घर फॅक्टरीच्या गेटवर चालायचं. पावणेदोनला मी प्रॅम घेऊन गेटपाशी उभा, ती जिन्यावरून धावत खाली, मी प्रॅम तिच्या हातात द्यायचो, ती मला डब्याची पिशवी. तिनं दिवसभरात काय ऐकलं ते ती सांगायची, पोरगी किती दूध प्याली ते मी सांगायचो, सगळं एका मिनिटात, आणि भोंगा झाला की मी पळत आत. वरच्या खिडकीतून शिवणखात्यातल्या बाया टाळ्या वाजवायच्या. असा संसार मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही.

मग पहिल्या इंजेक्शनचा मंगळवार आला. आमच्या गल्लीत डांग्या खोकला फिरत होता. चार घरं सोडून एक बाळ होतं, त्याच्या खोकल्याचा आवाज भर दिवसा रस्त्यावर यायचा, शेवटी श्वास ओढतानाचा तो लांब आवाज. मी पोरीला दोन झबली घालून वेळेच्या आधी पंधरा मिनिटं क्लिनिकमध्ये हजर. त्या दिवशी नेहमीची नर्स नव्हती. नवीन होती, तरणी, नेमकी. तिनं पेपर काढले, बघितले, माझ्याकडं बघितलं आणि हसून विचारलं, तुम्ही काका का?

मी म्हणालो, बाप.

तिनं परत कागद बघितला. म्हणाली, इथं बाप कुणी नाही.

मी तिला पोरीच्या नावात मधलं नाव दाखवलं. ते माझं आहे म्हणालो. ती म्हणाली, छान आहे, पण ते बाळाचं नाव आहे. इंजेक्शनला सही लागते आणि ती आईची लागेल. आईची सही घेऊन या, पुढच्या मंगळवारी देऊ. तिची काही चूक नव्हती. बाकीच्या बाया माझ्या बाजूनं बोलायला लागल्या, स्कॉटिश पोरगी तर भांडायलाच उठली, पण नर्स म्हणाली नियम आहे. मी झबली परत घातली. एक झबलं उलटं घातलं ते घरी गेल्यावर दिसलं.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. खिडक्या बंद करून बसलो. पोरगी शिंकली तरी मी उठायचो. चार घरं पलीकडचा तो आवाज भिंतीतून येत नव्हता, पण मला येत होता. सात दिवस तिला टोचल्याशिवाय राहावं लागलं आणि ते माझ्यामुळं, दुसऱ्या कुणामुळं नाही. मी नवरा आहे की नाही यावर मी तीन महिने भांडत होतो आणि कुणी तिथं मी बाप आहे का एवढंच विचारत होतं.

बायकोनं त्याच दिवशी चिठ्ठी लिहून सही करून दिली. त्या दिवशी पाहुणेसुद्धा म्हणाली नाही. पुढच्या मंगळवारी मी ती चिठ्ठी घेऊन गेलो. मी शाळेत कधी आईची चिठ्ठी नेली नव्हती, आणि बेचाळिसाव्या वर्षाला टेकलेला मी बायकोची चिठ्ठी हातात धरून रांगेत उभा होतो. पोरीला सुई टोचली. ती रडली. मी तिला घेऊन तसाच फॅक्टरीच्या गेटवर गेलो, दोन तास आधी, आणि उभा राहिलो. पावणेदोनला बायको खाली आली.

"चल," मी म्हणालो.

"कुठं?"

"सही करायला."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. "काय म्हणून?"

"ते म्हणतील ते म्हणून."

लगेच काही झालं नाही. अर्ज करावा लागला, मग वरून कुठून तरी परवानगी आली, त्याला काही आठवडे गेले. एका सोमवारी सकाळी बायकोनं अर्धी रजा घेतली आणि आम्ही तिघं ऑफिसात बसलो. तोच रजिस्ट्रार, बारीक, कानावर पेन. त्यानं पोरीचं नाव वाचलं आणि त्याला सगळं आठवलं. बायकोला नमस्कार केला, इंग्रज पद्धतीनं, मान हलवून.

मला विचारलं, तुम्ही या मुलीचे वडील?

हो.

तुमचं आईशी लग्न झालेलं आहे?

मी घरून पाठ करून आलो होतो. तरी त्या शाळेतल्या बुटक्या खुर्च्यांवरची साठ माणसं माझ्याकडं बघत होती असं वाटलं. मी म्हणालो, "नाही."

मला वाटलं होतं तो काहीतरी म्हणेल. किमान वर बघेल. त्यानं वर बघितलं नाही. पुढचा प्रश्न विचारला, धंदा काय? रंगारी, मी म्हणालो. मोज्यांचे की घरांचे? मोज्यांचे. त्यानं ते सावकाश लिहिलं. एवढंच. ज्या शब्दासाठी मी मंडळाला, साडूला, आयरिश बाईला, सगळ्यांना अंगावर घेतलं होतं, तो त्याच्या लेखी मोज्यांपेक्षाही लहान होता. मला हसू फुटलं. आवरेना. बायकोनं कोपर मारलं आणि मग तिलाही फुटलं. आई हसते म्हणून पोरगीही खिदळायला लागली, तेव्हा नुकतीच शिकली होती. रजिस्ट्रार पेन उचलून थांबून राहिला, शाई टपकू नये म्हणून.

सही मराठीत करणार म्हणालो. तो म्हणाला, इंग्रजीत येत नाही का? मी म्हणालो, येण्याचा प्रश्न नाही, ही माझी सही आहे. त्यानं एक पुस्तक काढून बघितलं, पान उलटलं आणि रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. माझे हात बघून मात्र रजिस्टरवर आधी टीपकागद पसरला, फक्त सहीपुरती फट ठेवली. त्या आठवड्यात शाळेच्या मोज्यांचा गडद निळा चालू होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, दुसरं इंजेक्शन. कागद मी आदल्या रात्रीच प्रॅममध्ये ठेवला होता. तीच तरणी नर्स. तिनं कागद उलगडला, वाचला, फॉर्म माझ्याकडं सरकवला आणि कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. मी केली. मग तिनं सांगितलं, घट्ट धरा हं, पाय हलवू देऊ नका.

मी पोरीला मांडीवर घेऊन तिची मांडी धरली. सुई गेली. आधी एक क्षण काहीच नाही. मग तिचं तोंड वाकडं झालं, लाल झालं आणि तिनं जो भोंगा पसरला तो थेट माझ्याकडं बघून. नर्सकडं नाही, सुईकडं नाही. धरलं होतं मी, म्हणून सगळा दोष माझा. हॉलमधल्या बाया हसत होत्या. मी तिला खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटत होतो आणि ती माझ्या कानात ओरडत होती, चांगली दहा मिनिटं, न थांबता.